भांडणाची प्रॅक्टिस

प्रॅक्टिस म्हणजे ग्राउंडला राऊंड मारणे, असं आमच्या श्रीगोंदा तालुक्याचं ठाम मत आहे. पोरगं घरी येऊन अंगणात आडवं पडलं, त्याला जेवायचीही शुद्ध राहिली नाही, तर प्रॅक्टिस चांगली झाली. हसत-बोलत घरी आलं, तर बाईंनी नुसता टाइमपास केला. मी इथल्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका म्हणून आख्खी नोकरी काढली, पण हे मत मला तसूभरही हलवता आलं नाही. निवृत्त झाल्यावर तरी डोक्याला शांतता मिळेल असं वाटलं होतं. पण नोकरीच्या शेवटी शेवटी ताटलीचं खूळ मागे लागलं आणि ते आजतागायत सुटलेलं नाही.

ताटली म्हणजे अल्टिमेट फ्रिसबी. पुण्याला शिक्षकांचं एक शिबिर होतं आणि जायला कुणीच तयार नव्हतं, तेव्हा "साळवे बाई, तुम्हीच जाऊन या" असं ठरलं. नको असलेली कामं स्टाफरूममध्ये कुणाच्या गळ्यात पडतात हे नोकरी केलेल्यांना सांगायला नको. तिथून मी एक प्लास्टिकची चकती घेऊन आले. गावाने चकतीला ताटली म्हटलं आणि मला ताटलीवाल्या बाई. आता त्याच शाळेच्या ग्राउंडवर गावातली आणि आसपासच्या वस्त्यांवरची मोठी मुलं-मुली घेऊन मी संध्याकाळी उभी असते.

खेळ थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं कळेल. एका बाजूला सात जण. चकती हातात आली की पळायचं नाही, जागेवर उभं राहून दुसऱ्याकडे फेकायची. खाली पडली की ती समोरच्यांची. मैदानाच्या दोन्ही टोकांना एकेक पट्टा आखलेला असतो; समोरच्या पट्ट्यात आपल्या माणसाने चकती झेलली की गुण. मुलं-मुली एकत्र खेळतात आणि सातांत निदान तीन मुली लागतातच. अंगाला अंग लावायचं नाही. आणि अंपायर नसतो. ज्याला धक्का लागला त्याने स्वतः 'फाऊल' म्हणायचं. समोरच्याने एकतर कबूल करायचं, नाहीतर 'मला पटत नाही' म्हणायचं. पटलं नाही तर चकती फेकणाऱ्याकडे परत जाते आणि खेळ पुढे सुरू. कोचने मधे तोंड घालायचं नाही.

हे सगळं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आमचा कॅप्टन संतोष म्हणाला, "म्हंजे बाई, भांडणं झाली तर मिटवनार कोन?" मी म्हटलं, तुम्हीच. यावर सगळी टीम हसली. मला वाटलं त्यांना गंमत वाटली. त्यांचा विश्वास बसला नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

संतोष पोलीस भरतीची तयारी करतो. त्यामुळे पहाटे तो राऊंड मारतो आणि संध्याकाळी माझ्याकडे येऊन पुन्हा विचारतो, "बाई, आज राऊंड किती?" रोज. एकही नाही म्हटलं की त्याचा चेहरा असा पडतो, जसं काही पाहुण्याला चहाच विचारला नाही. मी त्याला सांगून थकले की या खेळात लागतं ते झटक्यात पळणं, झटक्यात थांबणं आणि वळणं; म्हशीसारखं एका लयीत ग्राउंडभोवती फिरणं नव्हे. तो "व्हय बाई" म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, प्रॅक्टिसचं नियोजन म्हणजे काय, शिट्टी फुंकायची. या एकदा आमच्याकडे. मी चौदा जण येतील असं धरून दुपारभर डोकं चालवते आणि ग्राउंडवर जाऊन बघावं तर निम्मे गायब. का, तर शेतीची लाईट या आठवड्यात दिवसाची आहे, म्हणजे पोरं उसाला दारं धरायला गेलेली. पाणी सोडून यायचं कसं? लाईट रात्रीची झाली की संध्याकाळी सगळे हजर, पण जागरणाने डोळे तारवटलेले. पुण्याच्या शिबिरात हवा, आहार, विश्रांती या सगळ्यांवर भाषणं झाली. पाण्याच्या मोटारीच्या लाईटवर एकानेही अवाक्षर काढलं नाही. आणि ग्राउंड म्हणाल तर एका कोपऱ्यात टेनिस बॉलवाले, कडेने भरतीची पोरं, आणि मधोमध लग्नाच्या मांडवाचे खड्डे, जे बुजवायचे असतात हे मांडववाल्याला कुणी सांगितलेलंच नाही.

रडत बसून चालत नाही म्हणून मी माझ्यापुरती पद्धत बसवली. एका दिवशी एकच गोष्ट शिकवायची. आज उलट्या हाताची फेक म्हटलं की तीच. मधेच काही दुसरं सुचलं तर जीभ चावायची. कुणालाही रांगेत उभं करायचं नाही, कारण रांगेतलं पोरगं नंबर येईपर्यंत मोबाईल काढतं. जोड्या पाडायच्या आणि एकाला वाऱ्याकडे तोंड करून, दुसऱ्याला पाठ करून उभं करायचं, म्हणजे दोघांनाही वारा कळतो. सहा आले तर तिघांविरुद्ध तिघे. खेळवायचं मात्र रोज, आणि थांबायचं दम संपायच्या आधी, उजेड असताना. हे शेवटचं मुलींसाठी. अंधार पडला की त्यांच्या घरून फोन सुरू होतात.

मुलींमध्ये वैष्णवी आली की माझी टीम उभी राहायची. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे, तिचे वडील गोरखभाऊ साखर कारखान्याला उसाचा ट्रॅक्टर चालवतात. हात असा, की वाऱ्यातही चकती सुतात जाते. आणि दुसरं म्हणजे, तिच्या वस्तीवरच्या बाकीच्या दोघी तिच्या जिवावर घरून सुटायच्या. वैष्णवी जाते ना, मग जा तूही, असा हिशोब. म्हणजे वैष्णवी आली तर तिघी आल्या, आणि वैष्णवी बंद झाली तर तिघी बंद, टीम बंद. हे मला माहीत होतं, तिला माहीत होतं आणि गोरखभाऊंनाही माहीत होतं.

आता आमच्या टीमचं खरं दुखणं सांगते. एकदा वैष्णवी समोरच्या पट्ट्यात एकटी उभी, आसपास चिटपाखरू नाही, दोन्ही हात वर. आमच्या पोराने चकती कुणाकडे फेकावी? संतोषकडे. त्याला तिघांनी घेरलेलं. अर्थातच पडली. मी विचारलं, बाबा रे, ती मोकळी दिसत नव्हती का? तर म्हणाला, दिसत होती, पण दादा मागत होता ना. घ्या. दादा वयाने मोठा, दादा कॅप्टन, दादाने मागितल्यावर दुसऱ्याला द्यायची म्हणजे दादाचा अपमान. चकती फेकतायत का लग्नात मानाची टॉवेल-टोपी देतायत, मला कळेना.

मी नियम केला, आज संतोषला चकती द्यायची नाही. तर संतोष मधोमध उभा राहून कुणी कुणाला द्यायची ते सांगू लागला, आणि पोरं ऐकू लागली. मी डोक्याला हात लावला.

त्याच आठवड्यात संतोषचं कोपर वैष्णवीच्या ओठाला लागलं. चांगलंच लागलं. तिने ओढणीने ओठ पुसला आणि पळत जागेवर जाऊन उभी राहिली. मी खेळ थांबवून विचारलं, फाऊल का नाही म्हणालीस? तर खाली बघत म्हणाली, दादाला कसं म्हणायचं. मी संतोषकडे वळले, तुला दिसलं नाही लागलेलं? दिसलं की बाई, मला वाटलं ती बोलंल. असे सगळे एकमेकांच्या बोलण्याची वाट बघत उभे. मग नगरला पहिली स्पर्धा झाली, तिथे हेच झालं. समोरचे उठसूट फाऊल म्हणायचे, आमचे मान डोलवायचे. आमच्यांना धक्के बसले की हे सगळे वळून माझ्याकडे बघायचे. एकदा तर संतोष खेळ सोडून रेषेपाशी आला आणि म्हणाला, "बाई, तुमी सांगा ना त्यांना." मला बोलायची परवानगी नाही रे बाबा, हे मी त्याला हातवाऱ्यांनी सांगत होते. आम्ही सडकून हरलो.

परत आल्यावर मी ठरवलं, बास झालं. आता रोज शेवटी भांडणाची प्रॅक्टिस. खेळता खेळता कुणीतरी मुद्दाम धक्का द्यायचा, ज्याला लागला त्याने फाऊल म्हणायचं आणि काय झालं ते तोंडावर सांगायचं. पहिल्या दिवशी वैष्णवी म्हणाली, "दादा, मला वाटतं थोडासा धक्का लागला." मी म्हटलं, 'वाटतं' काढ. मग 'थोडासा' काढ. मग म्हटलं, 'दादा'पण काढ, रेषेच्या आत सगळे नावाने. 'दादा' काढायला तिला सगळ्यांत जास्त दिवस लागले. संतोषची वेगळी तऱ्हा. त्याला काही सांगायला जावं की तो "आरं जाऊ द्या ना, चला" म्हणून मोकळा. मोठेपणा म्हणून. जाऊ द्या म्हणायचं नाही, एकतर कबूल कर नाहीतर नाही म्हण, हे त्याच्या डोक्यात भरवता भरवता माझा घसा बसला.

आणि पोरांचं तर विचारूच नका. दोघे भावकीतले एकमेकांच्या पायात पाय घालून पडले. फाऊल, नाही फाऊल, असं सुरू झालं आणि बघता बघता एकाच्या बापाने दुसऱ्याच्या बापाचा बांध कोरल्यापर्यंत गेलं. मी म्हटलं, अरे, बांध कुठून आला ग्राउंडवर? मग आणखी नियम: आत्ता काय झालं तेवढंच बोलायचं, स्वतः पाहिलं तेवढंच बोलायचं, दोन वाक्यांत संपवायचं. आणि रेषेच्या बाहेरच्याने अजिबात बोलायचं नाही.

हा शेवटचा नियम सगळ्यांत जास्त कुणी मोडला असेल तर मी. आयुष्यभर ओरडून पोट भरलेली बाई मी, मला गप्प बसवतंय का? शेवटी उपाय काढला. भाजक्या शेंगदाण्यांची पुडी आणायची आणि भांडण सुरू झालं की तोंडात बकाणा भरायचा. चावून गिळेपर्यंत पोरांचं मिटलेलं असायचं. नाही मिटलं तर दुसरा बकाणा. त्या महिन्यात मला पित्ताचा फार त्रास झाला, पण टीम बोलायला लागली.

इतकी बोलायला लागली की एक दिवस गोरखभाऊ ट्रॅक्टरची खेप टाकून सरळ माझ्या दारात आले. पाणी घेतलं, चहा नको म्हणाले, तेव्हाच मी ओळखलं.

"बाई, माजी पोरगी काल चुलत्याला म्हनली, काका, मला तसं दिसलं न्हाई, तुमी काय बगितलं तेवडंच सांगा. हे तुमी शिकिवलं का?"

मी म्हटलं, हो, पण ते खेळापुरतं आहे. गोरखभाऊ आरडाओरडा करणारे नव्हेत, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटत होती. ते शांतपणे म्हणाले, खेळाला त्यांची ना नाही, पण घरात मोठ्या माणसापुढे पोरगी तोंड उघडायला लागली तर भाऊ त्यांना नावं ठेवतो. नगरची पुढची मॅच होऊ द्या, ते स्वतः बघायला येतील. त्यांना बरं वाटलं तर खेळेल, नाहीतर तिथून पुढे बंद.

दुसऱ्या दिवशी मी वैष्णवीला बाजूला घेऊन सांगितलं, घरी जरा जपून बोल गं बाई, निदान मॅच होईपर्यंत. तिने विचारलं, "म्हंजे बाई, खरं फक्त रेषेच्या आतच बोलायचं का?" मला तिचा असा राग आला म्हणून सांगू. मी म्हटलं, जा, उलट्या हाताच्या फेकी कर.

मॅचला आम्ही क्रूझर गाडी करून गेलो. गोरखभाऊ पुढे, त्यांचे भाऊ मागे, वस्तीवरची आणखी चार माणसं फुकटात नगर होतंय म्हणून आलेली. समोर पुण्याची टीम. आणि काय सांगू, पोरं खेळली. वैष्णवी मोकळी दिसली की चकती तिच्याकडेच. संतोषने दोनदा मागितली, दोनदा कुणी दिली नाही, आणि तो रागावला नाही. शेवटी दोन्ही बाजू बरोबरीत आल्या आणि एका गुणावर सामना राहिला. मी तोंडात शेंगदाणे भरले.

संतोषने लांब फेकली. वैष्णवी पट्ट्यात उडी मारून वर गेली, चकती तिच्या बोटांना लागली, आणि मागून आलेल्या पुण्याच्या पोराचा खांदा तिला बसला. दोघं पडली. चकतीही पडली. मी वैष्णवीकडे बघत होते, तेवढ्यात माझ्या शेजारून गोरखभाऊ गेले. चपला घालून, तडक मैदानात. त्यांच्यामागे त्यांचे भाऊ, त्यांच्यामागे वस्तीवरची माणसं. संतोषने मुठी वळल्या. त्या पुण्याच्या पोराचा चेहरा पांढरा पडला. माझ्या तोंडात बकाणा, मला धड ओरडताही येईना.

वैष्णवी उठली. कोपर सोलवटलं होतं. ती आधी त्या पोराकडे वळलीच नाही. वडिलांकडे वळली आणि प्रॅक्टिसमध्ये बोलायची अगदी त्याच आवाजात म्हणाली,

"अप्पा, रेषेच्या भाईर व्हा. मी बोलतीय. काका, तुमीबी."

गोरखभाऊ उभे राहिले. चारचौघांत, परगावात, पोटच्या पोरीने त्यांना बाहेर काढलं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मनात म्हटलं, संपलं. आजचा सामना नव्हे, सगळंच संपलं. त्यांनी खाली बघून चुन्याची रेषा शोधली आणि तिच्या पलीकडे गेले. त्यांचे भाऊ तणतणत मागून गेले.

मग वैष्णवी त्या पोराला म्हणाली, "फाऊल. तू मागून आलास, माझ्या खांद्याला धक्का बसला, म्हणून झेल सुटला." तो म्हणाला, मी आधी पोचलो होतो, मला पटत नाही. झालं. एवढंच. चकती परत संतोषकडे. आणि आमच्या संतोषने, ज्याला मी सबंध वर्ष सांगत आले की वाऱ्याविरुद्ध चकती खाली ठेव, त्याने ती उंच फेकली. वाऱ्याने ती पार श्रीगोंद्याच्या दिशेला नेली म्हणा ना. पुण्याच्यांनी उचलली, चार फेकींत आमच्या पट्ट्यात नेली आणि सामना संपला.

परतीच्या वाटेवर गोरखभाऊ पुढच्याच सीटवर बसले. त्यांचे भाऊ मागून सुरूच: बापाला हाकलतीय, उद्या आपल्याला घरातून काढंल. वैष्णवी खिडकीबाहेर उसाचे ट्रक बघत होती. मला फार वाईट वाटत होतं. त्या पोरीने मी शिकवलेलं एक अक्षरही चुकवलं नव्हतं, आणि म्हणूनच ती बंद होणार होती. वर्षभर राऊंड मारायला लावले असते तर गाव खूश, बाप खूश, पोरगी खेळत राहिली असती. पुण्याच्या शिबिराला, त्या चकतीला आणि स्वतःला मी घरी येईपर्यंत शिव्या घातल्या.

सोमवारी मी मुली नाहीत असं धरूनच प्रॅक्टिस ठरवली. म्हणजे काय ठरवली, कपाळ. पाच पोरं घेऊन त्यांना फेकायला लावलं. संतोषने विचारलं, "बाई, आज राऊंड किती?" आणि पहिल्यांदाच मी म्हटलं, मार बाबा, हवे तेवढे मार.

तो निघाला तेवढ्यात फटफटी आली. गोरखभाऊ पुढे, मागे वैष्णवी, आणि तिच्या मागे दाटीवाटीने बसलेल्या बाकीच्या दोघी. मुली उतरून बूट बांधत आत पळाल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गोरखभाऊ गाडी स्टँडला लावून माझ्यापाशी आले.

"त्या पुन्याच्या पोरानं कबूल का केलं न्हाई?"

मी म्हटलं, नाही पटलं त्याला. चालतं तसं.

"कसं काय चालतं? समद्यांनी बगितलं की धक्का लागल्याला." बराच वेळ ते त्याच्यावरच धुमसत होते. मग म्हणाले, "भाऊ लई चिडलाय. पन ती बोलली तवा त्यो पोरगा सरळ हुबा राहून ऐकत हुता, बाई. एवडं तर घरात माजंबी कोन ऐकत न्हाई."

त्यांनी ग्राउंडकडे बघितलं. चुना बऱ्यापैकी पुसला गेला होता. "रेषा कोनती, ही का ती?"

ही, मी म्हटलं. त्यांनी पायाकडे बघितलं, फटफटी ढकलत थोडी मागे नेली आणि मागेच जमिनीवर बसले.

थोड्याच वेळात संतोषचा आणि वैष्णवीचा धक्का लागला. तिने फाऊल म्हटलं, तो नाही म्हणाला, दोघांचं सुरू झालं. गोरखभाऊ अर्धे उठले, त्यांनी तोंड उघडलं, आणि माझ्याकडे बघितलं. मी शेंगदाण्याची पुडी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी मूठभर घेतले आणि सगळेच्या सगळे तोंडात टाकले.